बिलोरी जिना आणि अजून चढणारी आई: 'मदर टू सन' सोप्या भाषेत

लँगस्टन ह्यूज या काळ्या अमेरिकन कवीची 'मदर टू सन' ही कविता तुम्ही वाचली नसली तरी तिचा एखादा तुकडा तुमच्यापर्यंत पोचलेला असणार, कारण मदर्स डे आला की मागे डोंगर, पुढे पाठमोरी बाई आणि वर "आयुष्य सोपं नसतं, चढत राहा" अशा छापाचं कार्ड फॅमिली ग्रुपवर पडतंच. कार्डात तसं चुकीचं काही नाही. पण हे म्हणजे माशाचं कालवण करून फक्त मीठ वाढल्यासारखं झालं, मुद्दा आहे पण खायचं काय? मूळ कविता वीस ओळींची आहे, शब्द इतके साधे की दहावीतल्या पोराला डिक्शनरी लागणार नाही, आणि तरीही बहुतेक लोक ती अर्धीच वाचतात. म्हणून जरा नीट बसून बघूया.

आधी त्यात घडतं काय ते सांगतो.

एक आई मुलाशी बोलतेय. ती म्हणते, बरं, सांगते तुला, माझं आयुष्य काही बिलोरी काचेचा जिना नव्हता. त्यात चुका होत्या (सुतार ठोकतात त्या), लाकडाच्या सली होत्या, फळ्या उखडलेल्या होत्या, कुठे कुठे खाली सतरंजी-गालिचा काहीच नाही, नुसतं उघडं. पण मी सगळा वेळ चढतच होते, मधल्या टप्प्यावर पोचत होते, वळणं घेत होते, कधीकधी अंधारातसुद्धा जात होते जिथे उजेड कधी आलाच नव्हता. तेव्हा पोरा, मागे फिरू नको. जरा अवघड वाटतंय म्हणून पायरीवर बसू नको. आता पडू नको. कारण मी अजून जातेय रे राजा, अजून चढतेय, आणि माझं आयुष्य काही बिलोरी जिना नव्हता.

संपली कविता. गद्यात सांगितलं की पाव मिनिटात होतं.

आता पहिला घोळ मिटवू. ही आई म्हणजे ह्यूजची आई नव्हे. कविता छापून आली डिसेंबर १९२२ मध्ये, 'द क्रायसिस' नावाच्या मासिकात, तेव्हा ह्यूज जेमतेम विशीतला पोरगा होता, कोलंबिया युनिव्हर्सिटीत एक वर्ष काढून त्याच साली बाहेर पडलेला. त्याचा जन्म मिसूरी राज्यातल्या जॉप्लिनचा, आईबाप लवकरच वेगळे झाले, बाप मेक्सिकोला गेला, आई कामाच्या मागे या गावातून त्या गावात, आणि पोर वाढलं बरंचसं आजीकडे, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्सला. ही आजीसुद्धा साधीसुधी नव्हती, तिचा पहिला नवरा १८५९ साली जॉन ब्राउनने गुलामीविरुद्ध हार्पर्स फेरी गावातल्या सरकारी शस्त्रागारावर केलेल्या हल्ल्यात मारला गेला होता. म्हणजे घरात कष्ट आणि लढाई या दोन्ही गोष्टी त्याने लहानपणापासून ऐकलेल्या. पण कवितेतली बाई त्याने रचलीय, तिचा आवाज त्याने घेतलाय. एका विशीतल्या मुलाने आयुष्य ओढून नेणाऱ्या बाईच्या तोंडून बोलायचं, आणि ते खोटं वाटता कामा नये, हे काम किती कठीण आहे ते ज्यांनी कधी एकपात्री केलंय त्यांना विचारा.

आणि पहिला शब्द बघा. ती सुरुवात "बरं" पासून करते. कोणी आपणहून उपदेश सुरू करतं तेव्हा "बरं" नाही म्हणत. "बरं, सांगते" हे माणूस तेव्हा म्हणतं जेव्हा समोरच्याने काहीतरी विचारलेलं असतं किंवा काहीतरी बोलून तोंड पाडून बसलेलं असतं. म्हणजे कवितेच्या आधी मुलगा काहीतरी बोललाय, आणि ते कवीने आपल्याला सांगितलेलंच नाही. नोकरी गेली असेल, शाळा सोडतो म्हणाला असेल, नाहीतर "मला नाही जमत" एवढंच म्हणाला असेल. पूर्ण वीस ओळींत त्याचा एक शब्द नाही. मला हा भाग फार आवडतो, कारण ती मोकळी जागा वाचणारा आपापल्या घरातल्या माणसाने भरतो.

आता तो जिना.

बिलोरी जिना म्हणजे नुसता श्रीमंतांच्या बंगल्यातला चकचकीत जिना असं घेतलं तरी कविता चालते. पण त्या आईच्या कानात अजून काहीतरी वाजतंय. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, याकोब उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपतो आणि स्वप्नात पृथ्वीवरून स्वर्गापर्यंत लागलेली शिडी बघतो, तिच्यावरून देवदूत चढतायत उतरतायत. वेंगुर्ला-मालवणकडच्या आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना ही गोष्ट सांगायला नको. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी गुलामीच्या काळापासून या शिडीवर भजनासारखी गाणी म्हटलीयत, पायरी पायरी वर चढतोय आम्ही, अशी. त्यामुळे चर्चमध्ये वाढलेल्या बाईने जिना म्हटला की त्यात स्वर्गाकडे जायची वाटसुद्धा आली. आणि ती काय म्हणते? माझ्या वाट्याला तो चमकणारा आला नाही, मला मिळाला तो लाकडी, मोडका, खिळे वर आलेला.

इथे कोकणातल्या माणसाला कल्पनाशक्ती फारशी ताणायला लागत नाही. आपल्यातल्या ज्यांच्या घरचं कोणी ना कोणी गिरणीत होतं आणि लालबाग-परळच्या चाळीत राहिलं, त्यांनी तो जिना पायाखाली घेतलाय. पायरीची कड झिजून मधे खळगा पडलेला, त्यावर कोणीतरी पत्र्याची पट्टी ठोकलेली, पट्टीचा एका टोकाचा खिळा सुटून डोकं वर काढलेलं, कठडा एका बाजूने हलणारा म्हणून वरून खाली सोडलेला जाड दोर, तो हजार हातांनी काळा आणि गुळगुळीत झालेला, आणि दुसऱ्या माळ्याच्या वळणावरचा बल्ब कायमचा गेलेला, मालक बदलत नाही आणि भाडेकरू म्हणतात आम्ही का बदलू. गावावरून पहिल्यांदा गेलेलं पोर त्या वळणावर हमखास अडखळायचं आणि वरून कोणीतरी ओरडायचं, उजवीकडे भिंत धर. कवितेतलं "वळणं घेत होते, अंधारात जात होते" हे त्या जिन्यावर चढलेल्या माणसाला प्रतीक वगैरे वाटतच नाही, रात्रपाळीवरून घरी येणं वाटतं.

आणि ते तसंच वाटायला हवं. ह्यूजची खुबी अशी की आधी तो जिना खराखुरा उभा करतो, आयुष्याचा अर्थ नंतर. कष्ट, दुःख, अन्याय, गरिबी यातला एकही शब्द कवितेत नाही. चुका आहेत, सली आहेत, फळ्या आहेत, न अंथरलेला गालिचा आहे. परीक्षेत याला एक्स्टेंडेड मेटाफर म्हणतात, म्हणजे एक प्रतिमा पकडली की ती शेवटपर्यंत सोडायची नाही, ते लिहा, मार्क मिळतात. पण मार्कांपलीकडे बघितलं तर या चार वस्तू सारख्या नाहीत. चूक आणि सल पायाला टोचते, दुखतं, काढून टाकता येते. उखडलेली फळी वेगळी, तिथे पाय आत जाऊ शकतो, माणूस कायमचा अधू होऊ शकतो. शिवाय फळी आपोआप उखडत नाही, कोणीतरी उखडलेली असते! कोणी ते ती बोलत नाही. आणि गालिचा नसणं ही तर इजासुद्धा नाही, तो फक्त अभाव आहे, दुसऱ्यांकडे आहे आणि आपल्याकडे नाही. टोचणं, मोडणं, नसणं, अशी ती यादी चढत जाते आणि मग एका ओळीत एकच शब्द येतो: उघडं. पूर्ण कवितेत एका शब्दाची ओळ ही एकच. त्या ओळीवर खरंच काही अंथरलेलं नाही, कागदसुद्धा उघडा दिसतो.

गालिच्याबद्दल माझं एक मत आहे, कवितेत हे लिहिलेलं नाही हे आधीच सांगतो. त्या काळात शहरात काम करणाऱ्या काळ्या बायकांपैकी फार मोठा भाग दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट, मुलं सांभाळणं हीच कामं करायचा. मग जिन्यावर गालिचा असतो हे त्या बाईला कुठून माहीत? मला वाटतं तिने तो झाडलाय.

यानंतर "पण सगळा वेळ" येतं आणि कविता वळते. इथे लोक नेहमी म्हणतात की दुःखाकडून आशेकडे वळते वगैरे. मला तसं नाही वाटत. ती काही आनंदाचं सांगत नाही, जिना तोच आहे, फक्त आधी जिन्याबद्दल बोलत होती आणि आता पायांबद्दल बोलते. टप्प्यावर पोचले, वळले, अंधारात गेले. टप्पा म्हणजे घटकाभर दम खायची जागा, मुलीचं लग्न झालं, कर्ज फिटलं, पोर पास झालं, असलं काहीतरी. पण टप्प्यावर पोचलं की लगेच वळण येतं आणि पुढचं दिसत नाही. तिथे थांबून तिने समाधान मानलं असंही कुठे नाही.

आता एक हिशोब करून बघा. वीस ओळींपैकी पहिल्या तेरा ओळी ती स्वतःबद्दल बोलते. उपदेश चौदाव्या ओळीत सुरू होतो आणि सतराव्या ओळीत संपतो. मग पुन्हा तीन ओळी स्वतःबद्दल. म्हणजे ज्या कवितेला जगभर "आईचा उपदेश" म्हणून शिकवतात तिच्यात उपदेश आहे चारच ओळींचा! बाकी सगळं, हे बघ मी काय केलं आणि अजून काय करतेय. आणि त्या चार ओळींतही तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही "नको" च्या: मागे फिरू नको, बसू नको, पडू नको. "हे कर" असं एकही वाक्य नाही. मोठा हो, नाव काढ, त्यांना दाखवून दे, काही नाही. वर पोचशील असंसुद्धा ती म्हणत नाही. वर काय आहे हेच ती सांगत नाही, कारण तिने बघितलेलं नाही.

त्यात ते "जरा अवघड" बघण्यासारखं आहे. स्वतःच्या वाटेचं वर्णन करताना अंधार, उखडलेल्या फळ्या, आणि मुलाच्या अडचणीला शब्द काय वापरला तर जरा अवघड, थोडं कठीण. यात माया आहे आणि हलकासा चिमटापण आहे. कोकणातल्या बायकांना हा चिमटा नवीन नाही, पोराने ताप आला म्हणून तोंड केलं तर कपाळाला हात लावून "हं, कोमट आहे जरा" म्हणणाऱ्या आया आपण बघितल्यात.

हाक कशी बदलते तेही बघा. सुरुवातीला मुलगा म्हणून हाक आहे, जरा गंभीर. उपदेशाच्या ओळीत ती पोरा म्हणते, आवाज चढलेला. आणि शेवटी राजा, सोन्या अशा अर्थाचा लाडाचा शब्द येतो. त्यातला मधला शब्द अमेरिकेत साधा नव्हता, गोरे लोक मोठ्या बाप्या काळ्या माणसालाही "बॉय" म्हणून हाक मारायचे, अपमान करायला. आईच्या तोंडात तो परत आपला, घरचा होतो. वीस ओळींत रागावून, धरून, कुरवाळून झालं.

आता माझ्या मते जो खरा गाभा आहे तिकडे येतो.

आपल्याकडे मोठी माणसं धीर द्यायला बसली की काय बोलतात? आम्ही कसे दिवस काढले. मुंबैहून मनिऑर्डर यायची तेव्हा चूल पेटायची, दिव्याखाली अभ्यास केला, नदी पोहून शाळेत गेलो (या नदीची रुंदी दर वर्षी वाढते हा भाग वेगळा). हे सगळं खरं असतं, पण सगळं भूतकाळात असतं. बोलणारा वर पोचलेला आहे, खुर्चीत बसलाय, चहा पितोय, आणि खाली जिन्यावर धापा टाकणाऱ्याला सांगतोय की मीपण चढलो होतो. खालच्याला त्याचा धीर येत नाही, राग येतो, आणि तो राग अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

ह्यूजची आई वर पोचलेली नाही. ती त्याच जिन्यावर आहे, मुलापेक्षा चार पायऱ्या पुढे, आणि मान वळवून बोलतेय. "अजून जातेय, अजून चढतेय", दोनदा सांगते. आणि "पडू नको" याचं कारण म्हणून सांगते, "कारण मी अजून जातेय". हे कारण नीट वाचा, विचित्र आहे. पडू नको, कारण वर छान आहे, असं नाही. पडू नको, कारण मी अजून चालतेय. तू मागे पडलास तर मला थांबावं लागेल, किंवा मला तुझ्याशिवाय जावं लागेल, दोन्ही नको. तिच्याकडे मुलाला द्यायला पुरावा आहे तो फक्त एवढाच, की या वयात या पायांनी ती अजून पुढे आहे.

आमच्या वाडीत एक काकी आहेत, काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायच्या, त्या तेलाने बोटांची कातडी काळी पडते आणि सोलवटते ती नंतर राख लावली काय नि खोबरेल लावलं काय लवकर सुधारत नाही. त्यांना मी ही कविता आपल्या बोलीत सांगितली, नाव वगैरे न सांगता, अशी अशी एक बाई आहे म्हणून. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय, "मगे? तो झिल वर पोचलो की नाय?" (झिल म्हणजे मुलगा.) मी म्हटलं ते कवितेत नाही. म्हणाल्या, "आणि ती?" म्हटलं, तेपण नाही. "हां, मगे खरी आसा ती," एवढं बोलून उठून गेल्या, कोंबड्या आत घ्यायच्या होत्या. कवितेचा शेवट उघडा का ठेवलाय यावर मी बरीच समीक्षा वाचलीय, पण यापेक्षा थोडक्यात कोणी सांगितलेलं मला आठवत नाही.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय तो अंधार नुसताच अंधार राहतो.

अमेरिकेत गुलामी कायद्याने संपली १८६५ साली. १९२२ मध्ये चाळीस-पन्नाशीची बाई म्हणजे तिचे आईबाप गुलामीत जन्मलेले असणार, एवढं ते जवळ होतं. गुलामी गेली पण दक्षिणेकडच्या राज्यांत वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ, मतदानाला अडवायला शंभर युक्त्या, आणि १८९६ साली सुप्रीम कोर्टाने हे वेगळं ठेवणं चालेल असा निकालच दिला. वर जमावाने माणसाला पकडून ठार मारायचं, त्याला लिंचिंग म्हणतात, आणि बहुतेक वेळा कोणाला शिक्षा नाही. म्हणून १९१० च्या दशकापासून काळे लोक दक्षिणेतून निघून उत्तरेच्या शहरांत जायला लागले, शिकागो, डेट्रॉईट, न्यूयॉर्कचं हार्लेम, आणि १९७० पर्यंत असे साधारण साठ लाख लोक हलले. शेतातून थेट कारखान्यात, अंगणातून थेट तिसऱ्या माळ्यावरच्या खोलीत. चाकरमान्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला नकाशा लागत नाही, पण एक फरक विसरू नका, आपला माणूस गणपतीला परत येत होता, घर-कूळ-देव जाग्यावर होतं. त्यांच्यातल्या कित्येकांना मागे फिरणं म्हणजे जिवावर बेतणं होतं. "मागे फिरू नको" ही ओळ त्या उजेडात, म्हणजे त्या अंधारात, परत वाचा.

'द क्रायसिस' हे मासिक एनएएसीपी या संस्थेचं, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी १९०९ साली निघालेली संस्था, आणि संपादक होते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस. ही संस्था तेव्हा लिंचिंगविरुद्ध केंद्राचा कायदा व्हावा म्हणून झटत होती. जानेवारी १९२२ मध्ये खालच्या सभागृहात तो मंजूर झाला. मग सिनेटमध्ये दक्षिणेच्या सिनेटरांनी नुसता वेळ खाऊन खाऊन तो अडवला, आणि डिसेंबर १९२२ मध्ये तो बारगळला. ज्या महिन्यात कविता छापून आली त्याच महिन्यात! कवीने ठरवून केलं असं अजिबात नाही, अंक आधीच तयार झालेला असणार. पण ज्याच्या हातात तो अंक पडला त्याने "उजेड कधी आलाच नव्हता" ही ओळ कशी वाचली असेल. तसा कायदा शेवटी झाला मार्च २०२२ मध्ये, शंभर वर्षांनी. मधले टप्पे आणि वळणं मोजत बसलात तर दुसरा लेख होईल.

भाषेबद्दल बोलल्याशिवाय ही कविता समजली असं म्हणता येणार नाही. ही बाई पुस्तकी इंग्रजी बोलत नाही. शब्दांची शेपटं खाते, क्रियापदं तिच्या पद्धतीने चालवते, नकार दोनदा देते. शाळेतली बाई लाल पेनाने अख्खी कविता रंगवेल. मराठीत आणायची तर मग कुठल्या मराठीत? गंमत म्हणून शुद्ध करून बघितलं, "हे पुत्रा, माझे जीवन म्हणजे काही स्फटिकाचा सोपान नव्हे." मेली ना बाई! तेच मालवणीत, "आयक झिला, सांगतंय तुका, माका काय बिलोरी जिनो गावाक नाय", आणि बाई दारात उभी राहिली, पदर खोचून.

पण इथे एक अडचण आहे आणि ती त्यांना आणि आपल्याला सारखीच आहे. मालवणी स्टेजवर आली की लोक हसायला तयार होऊनच बसतात. शिव्या येणार, फजिती होणार. काळ्या लोकांच्या बोलीचं तसंच झालेलं, गोरे नट तोंडाला काळं फासून ती बोली बोलायचे आणि प्रेक्षक लोळायचे, आणि हे कित्येक दशकं चाललेलं. त्यामुळे शिकलेले काळे लेखक स्वतःच त्या बोलीपासून लांब राहायला लागले. जेम्स वेल्डन जॉन्सन हे मोठे कवी, त्यांनी याच १९२२ साली काळ्या कवींच्या कवितांचा एक संग्रह काढला आणि प्रस्तावनेत लिहिलं की ही बोली म्हणजे असं वाद्य आहे ज्याला दोनच सूर आहेत, विनोद आणि करुणा. हसवा नाहीतर रडवा, तिसरं काही निघत नाही. आणि त्याच वर्षाच्या शेवटी हा पोरगा त्याच बोलीत वीस ओळी लिहितो ज्यात हसूही नाही आणि रडूही नाही. ती बाई कीव मागत नाही, गंमतही करत नाही. तिला मान आहे, बोलण्यात अधिकार आहे, आणि तो त्या बोलीमुळे आहे, बोली असूनही नव्हे. पुढे १९२६ मध्ये त्याचा पहिला संग्रह आला त्यात ही कविता आहेच, आणि १९२० च्या दशकात हार्लेममध्ये जमलेल्या काळ्या लेखकांच्या पिढीत लोकांच्या जिभेवरची भाषा कवितेत आणायचं काम त्याच्याइतकं सातत्याने फार थोड्यांनी केलं.

मार्टिन ल्यूथर किंगना ही कविता फार जवळची. ऑक्टोबर १९६७ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका शाळेत मुलांसमोर केलेल्या भाषणात त्यांनी ती वापरली, ह्यूज त्याच वर्षी मे महिन्यात गेला होता. किंग म्हणाले की त्या आईचं व्याकरण नेहमी बरोबर नसलं तरी तिच्या शब्दांत खोल अर्थ आहे, आणि आपण चालत राहायला हवं. एवढ्या मोठ्या माणसाशी वाद घालायची माझी लायकी नाही, पण व्याकरण बरोबर नव्हतं हे मला पटत नाही. त्या बोलीला तिचे नियम आहेत, दोनदा नकार हा तिथे नियमच आहे, जसं आपण "करूक नाय" म्हणतो ते "केलं नाही" मोडून झालेलं नसतं. जिना मोडका होता, व्याकरण ठीक होतं.

राहिला एक आक्षेप, आणि तो मला रास्त वाटतो. अशा कविता शेवटी सोसण्याचं कौतुक करतात, असं काहीजण म्हणतात. खिळे वर आलेत तर खिळे ठोका ना, जिना दुरुस्त करा, मालकाला जाब विचारा, नुसतं चढत राहा काय? हे कार्डवाल्या अर्ध्या कवितेला पूर्ण लागू आहे. बायकांना तर आपल्याकडे सोसण्याबद्दल इतके हार घातलेत की त्या हारांखाली त्यांचं बोलणंच ऐकू येत नाही. पण पूर्ण कविता वाचली तर ती आई कुठेही म्हणत नाही की जिना असाच असायला हवा, किंवा त्यामुळे मी घडले, किंवा देवाची इच्छा. तिने एकेका खिळ्याची नोंद ठेवलीय. पहिल्या ओळींत जी तक्रार आहे तीच शेवटच्या ओळीत शब्दन् शब्द परत येते, म्हणजे एवढं चढूनसुद्धा तिने ती मागे घेतलेली नाही. सोसणाऱ्या माणसाची तक्रार जिवंत असेल तर पुढे कोणीतरी ती घेऊन कोर्टात आणि रस्त्यावर जातं, आणि अमेरिकेत ते गेलेही. हे माझं वाचन, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

जाता जाता, ही कविता शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत म्हणतात, म्हणून म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गळा काढू नका. ही बाई रडत बोलत नाही, तिला वेळ नाही, ती चढता चढता बोलतेय, दम लागतो तिथे ओळ तुटते, म्हणून तर ओळी अशा लहानमोठ्या आहेत. "उघडं" झाल्यावर एक श्वास घ्या आणि "पण" वर आवाज चढवू नका, साध्या सुरात पुढे जा. "जरा अवघड" ला थोडं हसलात तर चालेल. आणि टाळ्यांसाठी शेवटची ओळ दोनदा म्हणू नका, ती कवीने आधीच दोनदा लिहिलीय.